तीळ न चालणाऱ्या बाईची संक्रांत

लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर उघडलं आणि मला कळलं, या लोकांनी तीळ भाजायला घेतले आहेत. आमचं घर पाचव्यावर. मी ओढणी नाकावर घट्ट धरली, श्वास रोखला आणि वर पोचेपर्यंत लिफ्टमधल्या आकड्यांकडे बघत उभी राहिले. घरात शिरून दार लावते न लावते तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, "आला ना वास?"

मी म्हटलं, आला. त्यांनी विचारलं, दुसऱ्यावरून का? मी म्हटलं, हो, दुसऱ्यावरून. मग त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, बाल्कनीचं दार लावलं, स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि बाहेरच्या दाराच्या फटीत जुन्या साडीची घडी सरकवली. झालं. लोकांकडे संक्रांत वाण घेऊन येते, पतंग घेऊन येते. आमच्याकडे ती खिडक्या लावत येते, आणि रथसप्तमीपर्यंत मुक्काम ठोकते.

खरं सांगायचं तर मला तो वास फार आवडतो. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक म्हणतात, मग खाऊन तर बघा. मंद आचेवर तीळ तडतडायला लागले की जो खमंग वास सुटतो ना, त्यानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि घशाला भीती. दोन्ही एकदमच. डॉक्टर म्हणतात नुसत्या वासानं सहसा काही होत नाही, तुम्ही उगाच धास्ती घेता. असेल बाबा. पण माझं अंग डॉक्टरांना विचारून वागत नाही. वास आला की मानेखाली खाज सुटते, मग मी मान खाजवते, आणि मग सासूबाई माझ्याकडे बघतात.

तीळ चालत नाहीत म्हटल्यावर लोक ज्या नजरेनं बघतात, ती आता मला पाठ झाली आहे. दारू चालत नाही म्हटलं तर मान मिळतो. साखर चालत नाही म्हटलं तर कीव करतात. तीळ चालत नाहीत म्हटलं की हसतात. एवढासा तो दाणा! मग सल्ले सुरू होतात. रोज थोडे थोडे खा, सवय होते. पांढरे गरम पडत असतील, काळे खाऊन पाहा. आमच्या एका नातेवाईक बाईंनी तर मला सांगितलं होतं की मनात आणलंस म्हणून होतं, मनात आणू नको. नवा रायपूरला आमच्या ऑफिसात जानेवारीभर कुणाच्या ना कुणाच्या डब्यातून गजक निघतो, रेवडी निघते, तिळाचे लाडू निघतात, आणि दर वर्षी कुणीतरी नवा माणूस प्रेमानं म्हणतोच, "अरे मॅडम, एक दाने से क्या होता है?" एका दाण्यानं काय होतं ते मी सांगू शकते, पण तेवढा वेळ समोरचा थांबत नाही.

आणि तीळ काही जानेवारीपुरते थोडेच असतात. छत्तीसगडचा फरा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या, वरून राई, कढीपत्ता आणि तिळाची फोडणी. ऑफिसच्या कँटीनमध्ये मंगळवारी फरा असतो, म्हणून मंगळवारी मी माझ्या टेबलावरच डबा खाते. पावावर तीळ, बिस्किटावर तीळ, नूडल्सवर कसलंसं तेल, लग्नातल्या पनीरच्या रश्श्यात वाटलेले तीळ. लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी मी आचाऱ्याला भेटते. तो बिचारा घामाघूम, आणि मी त्याला विचारते आहे, भैया, ग्रेव्ही में क्या पीसा है. लोकांना वाटतं ही बाई रेसिपी मागून राहिली. वाटू द्या.

या सगळ्याला हिवाळ्याची साथ. रायपूरचा हिवाळा म्हणजे लोकांच्या जिवाचा सोहळा. आठ महिने भाजून निघालेलं गाव तेव्हा जरा माणसात येतं. तेलीबांध्याच्या तळ्याभोवती सकाळी माणसं गरम कपडे घालून फिरतात, रविवारी सहली निघतात, गच्च्यांवर उन्हात संत्री सोलली जातात. मला मात्र धान कापणीपासूनच शिंका लागतात. मळणीचा भुसा, जाळलेल्या पेंढ्याचा धूर, आणि उरल्याच्या कारखान्यांकडून वाऱ्यावर येणारी ती काळी भुकटी. माझा नवरा सुधीर उरल्यालाच एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. तो घरी आला की दारातच कपडे बदलतो. बाल्कनीत अनवाणी गेलं तर तळवे काळे होतात. म्हणून नोव्हेंबरपासूनच आमच्या काचा लागलेल्या असतात, आणि संक्रांत जवळ आली की त्यांना साडीची घडी मिळते. ऑफिसला जाते तेव्हाही गाडीच्या काचा वर, तोंडावर मास्क. मी काचेआडून सहलीला निघालेल्या बसेस बघते आणि ऑफिसात पोचले की चहाच्या वाफेत नाक धरते. चाळिशीतल्या बाईनं एवढं हेव्यानं बसकडे बघू नये, पण बघते.

वर्ध्याला माहेरी होते तेव्हा या सगळ्याला नाव नव्हतं. संक्रांतीला माझ्या अंगावर पित्त उठायचं, एवढंच. लाल लाल गांधी यायच्या, ओठ जाडसर व्हायचे, आणि आई आमसुलाचं पाणी अंगाला चोळून मला चादरीत गुंडाळून ठेवायची. संध्याकाळपर्यंत उतरायचं. कुणी घाबरायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा लाडू, पुन्हा पित्त, पुन्हा आमसूल. कॉलेजात असताना एकदा ओठांवरून ते घशात उतरलं, दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी आईला पहिल्यांदा सांगितलं की ही तिळाची अ‍ॅलर्जी आहे आणि हिला पुन्हा तीळ देऊ नका. लग्न ठरलं तेव्हा मी सुधीरला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यानं घरी जाऊन आईला सांगितलं, तिले तीळ चालत नाही. कारलं चालत नाही म्हणावं, तसं. त्यात त्याचीही चूक नाही. शब्द तेच होते.

तर ती संक्रांत. चौदा वर्षं झाली, पण दर जानेवारीत ती मला नव्यानं येते.

तेव्हा आम्ही पुरानी बस्तीत राहत होतो. देवळामागच्या गल्लीत खाली दोन खोल्या, वर दोन. भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे एका घरात फोडणी पडली की तीन घरांत ठसका लागायचा. सासरे तेव्हा होते. सासूबाई साठीच्या आसपास, काटक, बोलायला तिखट, हातानं गोड. अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांच्या हलव्याचं नाव होतं. मराठी घरं तर सोडाच, छत्तीसगढ़ी बायाही पोटच्या पोरीच्या लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला त्यांच्याकडून हलव्याचे दागिने करवून न्यायच्या. त्या म्हणायच्या, हलव्याला काटा यायला थंडी लागते आणि धीर लागतो, आणि आजकालच्या पोट्ट्यांकडे दोन्ही नाही.

माझी ती पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून, हलव्याचे दागिने घालून बसवतात आणि बायका बोलावून हळदीकुंकू करतात. सासूबाईंनी डिसेंबरातच तयारी सुरू केली. शेगडीवर परात, निखारे मंद, परातीत तीळ, आणि त्यावर पळीपळीनं साखरेचा पाक. बोटांच्या टोकांनी ते तीळ हलवत राहायचं, थांबायचं नाही. रोज सकाळी दोन तास. मी चहा घेऊन जायचे तेव्हा त्या परातीवरून नजर काढायच्या नाहीत. तीळ आधी नुसते पांढरे झाले, मग फुगले, मग एके दिवशी त्यांना इवले इवले काटे आले. त्या दिवशी त्या इतक्या खूश झाल्या की सासऱ्यांना हाक मारून बोलावलं, या, पाहा, सुनेच्या नशिबानं काटा आला.

माझी काळजी त्यांनी केली नाही असं कुणी म्हणू नये. भोगीची माझी भाकरी त्यांनी वेगळ्या पिठाची केली, तीळ न लावता, आणि तवा घासून सगळ्यांच्या आधी भाजली. माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वेगळ्या डब्यात ठेवले. उटण्यातून तीळ काढून बेसन घातलं. सगळा विचार केला होता त्यांनी. आणि दागिन्यांचंही मी दबकत विचारलंच होतं, की आई, हलव्यात आत तीळच असतात ना. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खायचा थोडीच हाय तुले? घालायचा हाय. आणि वरून साखरच तर हाय सगळी."

मला ते पटलं. आज माझं मलाच आश्चर्य वाटतं, पण खरंच पटलं. डॉक्टर म्हणाले होते, खाऊ नका. घालू नका असं कुठे म्हणाले होते? आणि त्यांच्या बोटांची टोकं चटके लागून लागून लाल झाली होती. पंधरा दिवस जिनं माझ्यासाठी बोटं भाजून घेतली, तिला नाही कसं म्हणायचं? शिवाय मलाही ते दागिने हवे होते. बिंदी, कानातले, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, आणि एक नथ. नथ तर अशी सुबक की बघत राहावं.

संक्रांतीच्या दुपारी त्यांनी मला पाटावर बसवलं. दिवाणखाना बायकांनी भरला होता. थंडी म्हणून दारं लोटलेली, वर फोटोवाल्याचा तो पांढरा दिवा. मला घाम यायला लागला. मानेवर साखर चिकट झाली आणि तन्मण्याखाली आग व्हायला लागली. मी म्हटलं, चालायचंच, नवी साडी टोचते आहे. मनगटावर बांगड्यांच्या खाली गांधी उठताना मला दिसत होत्या, आणि मी पदर पुढे घेऊन त्या झाकल्या. मी झाकल्या, हे महत्त्वाचं. कुणी मला झाकायला सांगितलं नव्हतं.

नथ ओठावर टेकत होती. बोलताना, हसताना, बायकांना मान देताना ती वरच्या ओठाला लागायची आणि थोडी थोडी साखर विरघळायची. गोड लागायचं. मग गोड लागेनासं झालं. मग ओठच लागेनासा झाला.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, नाव घ्या, नाव घ्या. उखाणा मी आठ दिवस पाठ केला होता. सगळ्या गप्प झाल्या. मी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. घशात काहीतरी बसलं होतं. मी पुन्हा प्रयत्न केला, तर नुसती हवा, तीही अर्धी. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खुदखुदल्या. पाहा कशी लाजून राहिली. लाल झाली पाहा. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तर असं कौतुक, असं कौतुक, की मी मान खाली घातली. मी मरते आहे आणि या माझी दृष्ट काढताहेत. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हता. उठायला जावं तर पाटावरून मधेच उठणं अशुभ, आणि अंगावर त्यांची पंधरा दिवसांची मेहनत, तुटली तर? खरंच, असल्या वेळी माणूस असला विचार करतं. मी पुन्हा हसले. त्या हसण्याचा फोटो आहे, कपाटात उलटा ठेवलेला.

ओळखलं शेजारच्या दुलारी काकींनी. छत्तीसगढ़ी बाई, खाली दाराशीच बसली होती, तिला मराठी उखाण्यात काही रस नव्हता म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती एकदम उठली आणि म्हणाली, "दीदी, बहू लजात नई हे. ओखर ओंठ ला देख. साँस नई ले सकत हे." आणि दोन ढांगांत येऊन तिनं ती नथ ओढून काढली. मग तन्मणी, मग बांगड्या. धागे तुटले, हलवा खोलीभर घरंगळला. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. सुधीरची मोटारसायकल, मागून मला धरून बसलेली दुलारी काकी, तिच्या शालीचा धुराचा वास, आणि मांडीत घुसलेली सुई.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर सासूबाई अंगणाच्या पायरीवर बसल्या होत्या. घर तीनदा धुतलं होतं. परात, पळी, शेगडी, काहीच जागेवर नव्हतं, आणि ते कुठे गेलं हे मला आजतागायत ठाऊक नाही. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, माह्या हातानं झालं. तेवढंच. नंतर पाऱ्यातल्या बाया चौकशीला आल्या तेव्हाही त्या हेच सांगायच्या. कुणी म्हणालं पोरीकडच्यांनी नीट सांगितलं नाही, तर त्या चिडायच्या, की सांगितलं होतं तिनं, मीच ऐकलं नाही.

मला वाटलं होतं हे चार महिन्यांत निवेल. कसचं काय! त्या दिवसानंतर त्यांनी हलवा केला नाही, तीळ घरात आणला नाही आणि स्वतः तोंडात घातला नाही. ज्या बाईच्या हलव्यावर पुरानी बस्तीत लेकीसुना सजल्या, तिनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. गेलं की तिळगूळ घ्यावा लागतो, हाताला लागतो, पदराला लागतो. भिंतीला भिंत नको म्हणून आम्ही तेलीबांध्याला या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सगळ्यांत आधी हो त्या म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांचा पारा मागे टाकून आल्या. सासरे गेले. श्राद्धाला काळे तीळ लागतातच. तेसुद्धा त्यांनी घरात येऊ दिले नाहीत, सुधीरला खारून नदीच्या घाटावर पाठवून सगळं तिकडेच करवलं. मी म्हटलं, आई, श्राद्धाचे तरी आणा. तर म्हणाल्या, तुहे सासरे काही म्हणत नाहीत.

लोकांना वाटतं, किती नशीबवान आहेस, अशी सासू कुणाला मिळते? मिळत नाही, खरं आहे. पण अशा सासूबरोबर जानेवारीत एकदा राहून दाखवा. आल्यागेल्याच्या पिशव्या उघडून बघतात. पाहुण्यांना हात धुवायला लावतात. माझी लेक रेवा आता बारा वर्षांची आहे. तिला तीळ चालतात, पण शाळेतून आली की आधी गुळण्या, मग हात, मग गणवेश बदलणं, आणि मग आई. पाच वर्षांची असताना दारात उभी राहून ती मला विचारायची, मम्मी, अब छू लूँ? आता ती विचारत नाही, सरळ खोलीत जाते. मराठी कळतं तिला सगळं, उत्तर हिंदीत देते. परवा आजीला म्हणाली, ये घर है कि चेकपोस्ट? आजी म्हणाल्या, हव, चेकपोस्ट.

एकदा माझा फार तोल गेला. ऑफिसातून सहल जाणार होती, धरणाकाठी, डबा मी माझाच नेणार होते. सासूबाई म्हणाल्या नको, तिथं लोक काय काय आणतील. मी भांडं आपटलं आणि ओरडले, की मला जगू द्या की हो! त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जगावंस म्हणूनच तर करून राहिली." रागानं माणूस बंद करत असेल तर दार तोडता येतं. मायेनं बंद केलं की आपणच आतून कडी लावतो. मी सहलीला गेले नाही.

पण मी इतकी वर्षं फक्त माझंच कोंडलेपण मोजत होते. ते या वर्षी कळलं. दुलारी काकींचा फोन आला होता, स्पीकरवर, कारण सासूबाईंना आता कमी ऐकू येतं. काकी म्हणत होत्या, ए बछर तो आबे ना, दीदी? या वर्षी तरी हळदीकुंकवाला येशील ना. सगळ्या जुन्या बाया येणार आहेत, दोघी तर मागच्या वर्षीच वारल्या, आता नाही तर कधी? सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, नई आ सकँव, बहू बीमार पड़ जाथे. सून आजारी पडते. आधी त्या गुडघ्यांचं कारण सांगायच्या, आता सरळ माझं नाव. मी आतल्या खोलीत उभी होते. आधी संताप आला. मग हिशेब लागला. मी खिडकी बंद म्हणून कुरकुरत होते, आणि ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई माझ्या नावाच्या कुलुपात चौदा जानेवाऱ्या बसून होती. तिला तर तीळ चालत होते. तिला सगळं चालत होतं.

मी म्हटलं, आई, तुम्ही जायचं. त्या नाही म्हणाल्या. मी म्हटलं, रेवा नेईल, ऑटोनं जा, ऑटोनं या. त्या म्हणाल्या, माह्या अंगाले लागून तीळ घरात येईन. मग मी त्यांच्याच वरताण नियम काढले. जुनी साडी नेसून जायची, आल्याबरोबर बाहेरच्या बाथरूममध्ये आंघोळ, साडी बादलीत, चपला जिन्यात, वाण आणायचं नाही. त्या ऐकत गेल्या आणि मधेच एक चूक काढली, की केसांचं काय? मी म्हटलं, केस धुवायचे. त्या म्हणाल्या, थंडी हाय. मी म्हटलं, गरम पाणी काढून ठेवते. तेव्हा कुठे त्या तयार झाल्या. जायच्या दिवशी सकाळपासून दहादा विचारलं, तुले चालन ना? तुझी सुई कुठे हाय? मी पर्स उघडून इंजेक्शनची डबी दाखवली.

त्या गेल्या आणि घर रिकामं झालं. मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. बाल्कनीचं दार उघडीन, उन्हात बसेन, कुणी ओरडणार नाही. दाराशी गेलेसुद्धा. फटीतली साडीची घडी तशीच होती. मी ती काढली नाही. तिथेच खाली बसले आणि चार तास घड्याळ बघत राहिले, की त्यांना तिकडचा जिना चढवेल का, कुणी ओळखेल का, लाडू दातांना झेपेल का.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं तर सासूबाई दोन पावलं मागे, जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या. कपाळभर कुंकू, डोळे चकाकताहेत, आणि बोलणं थांबेना. दुलारीच्या नातसुनेची पहिली संक्रांत होती. हलवा बाजारचा होता, काटा बेकार. लाडू दोन खाल्ले, दोन. तिसरा हातात घेतला आणि ठेवला. सगळं जिन्यातूनच सांगितलं. मागून रेवा हळूच म्हणाली, दादी तो वहाँ हीरोइन थी. मग त्या माझ्यापासून अंग चोरत, भिंतीला धरून बाथरूममध्ये गेल्या. अर्धा तास पाणी वाजत होतं.

बाहेर आल्या तेव्हा ओल्या केसांना पंचा, धुतलेलं पातळ, हातांची कातडी घासून घासून लाल झालेली. त्या खुर्चीत बसल्या आणि मी नमस्काराला वाकले. संक्रांत होती, एवढंच मनात होतं. माझे हात पायांपर्यंत पोचायच्या आत त्यांनी दोन्ही पाय झटकन वर ओढून घेतले. गुडघे दुखत असताना.

"नको, पोरी. नखात राहिले असन. तिथूनच कर. देवाले नाही का करत दुरून?"

मी तिथूनच केला. कपाळ फरशीला टेकवलं आणि वर त्यांचा हात हवेतच थांबलेला मला न बघता कळत होता. मग माझं काय झालं कोण जाणे, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, थांबेचना. मला उठायचं होतं. पण रडले की माझं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे, नाक लाल, डोळे सुजलेले, ओठ फुगलेले, आवाज बसलेला. आई बघतील आणि त्यांना वाटेल, लागलं हिला. मग पुढच्या संक्रांतीला त्या या घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत.

म्हणून मी वाकूनच राहिले. वरून त्या विचारत होत्या, काहून उठत नाही गं? मी खालूनच म्हटलं, आशीर्वाद द्या आधी, मोठा द्या. आणि त्या देत होत्या तोवर मी फरशीवर तोंड पुसत राहिले.